समजलं, साहेब

४ जून

काका,

आधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. मागच्या आठवड्यात तुम्हाला वकिलाचं पत्र आलं ना, 'आमच्या अशिलाच्या नावाने पत्रं लिहिणं ताबडतोब बंद करा, नाहीतर कारवाई होईल' असलं, वर छापील नाव आणि खाली गोल शिक्का? ते मी पाठवलं. असा वकीलच नाही जगात. मी शिक्के आणि व्हिजिटिंग कार्डं बनवायच्या दुकानात कामाला आहे. मालक जेवायला गेला, तेवढ्यात मी वकील झालो. हे पत्र तुमच्या आधी उघडून वाचणारे तुरुंगातले साहेब, तुम्हालाही नमस्कार. शिक्का खऱ्या रबराचा होता, फक्त वकील खोटा होता. तेव्हा निम्माच गुन्हा धरा.

करायला नको होतं, माहितीये. पण का केलं ते ऐका.

तुमच्या बराकीत तुमच्या शेजारी झोपतो तो उंच, खांदे पाडून चालणारा माणूस माझा थोरला भाऊ आहे. अंगाने तिशीचा, डोक्याने बालवाडीतला. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. आणि आत गेल्यापासून त्याच्या नावाने आम्हाला पत्रं येतायत! 'मी मजेत आहे. काळजी नसावी.' मजेत? अहो, दादा जन्मात कधी 'मजेत' म्हणालेला नाही. खूश असला की तो नुसता डोलतो आणि नाकातून हुं हुं करतो. पत्राच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हस्ते क्लचकाका'. कोण हो तुम्ही? आणि हे कसलं नाव?

आईला त्या पत्रांनी बरं वाटतं. ती पत्रं उशीखाली ठेवते. मला बरं वाटत नाही. कारण प्रत्येक पत्रात काहीतरी मागितलेलं असतं. साबण पाठवा. बिस्किटं पाठवा. ते ठीक. पण 'मोजे पाठवा, मोठ्या मापाचे, लांब'? दादाचं पाऊल माझ्यापेक्षा लहान आहे. आणि तो मोजे घालतच नाही. लहानपणी थंडीत घातले की काढून खिडकीबाहेर फेकायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज एक मोजा परत आणून द्यायच्या. मग हे मोठ्या मापाचे मोजे कुणाच्या पायात जातायत, काका?

खरं सांगा. भोळ्या माणसाच्या नावाने पार्सलं मागवून खाणारे मी बाहेरही बघितलेत.

नकल्या
(आई मला वेगळं काहीतरी म्हणते, पण सगळी गल्ली हेच म्हणते.)


१३ जून

नकल्या,

तुझा वकील खोटा आहे हे मला पहिल्या ओळीतच कळलं. पत्रात कुठेही फी मागितली नव्हती.

मी गाडी चालवायला शिकवायचो. वीस वर्षं त्या डाव्या सीटवर बसून लोकांच्या पायाकडे बघत 'क्लच, क्लच' ओरडण्यात गेली. इथे आल्यावर झोपेतही ओरडलो म्हणे, म्हणून पोरांनी नाव पाडलं.

तुझ्या भावाची पत्रं मी लिहितो. तो सांगतो म्हणजे बोट दाखवतो. कागदाकडे दाखवतो, मग दाराकडे, मग पोटावर हात फिरवतो. आता यातून आईला काय कळवायचं? 'मजेत आहे' लिहिलं. तू असतास तर काय लिहिलं असतंस?

बिस्किटं तो खातो. साबण आम्ही दोघं वापरतो, हे खरं. मोज्यांचं विचारू नकोस. ज्याच्यासाठी मागवले त्यालाच मिळाले, एवढं पुरे.

आता मी विचारतो. दर मुलाखतीला एकटी आई येते. जाळीपलीकडून डोळे पुसते आणि जाते. तिच्यासोबत एवढा चुरुचुरु बोलणारा धाकटा मुलगा का दिसत नाही? इथे असे पुष्कळ आहेत, ज्यांना घरच्यांनी आत आल्यावर 'सुटलो एकदाचे' म्हणून सोडून दिलं. तुमच्या घरचं काय आहे? थोरला आत राहिलेला कुणाला बरा वाटतोय का?

विचारतो म्हणून राग मानू नकोस. तूही विचारलंसच की.

क्लचकाका

ता. क. भाऊ रांगेत उभा राहायला शिकला. आईला सांग.


२१ जून

काका,

लागलं बरं का मनाला. पण उत्तर देतो.

मी येत नाही कारण मला बंदी आहे. पहिल्याच मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर उन्हात आम्ही ताटकळत होतो. फाटकावरच्या जाड्या हवालदाराचा घोगरा आवाज मला लगेच जमला. मी मागे उभं राहून त्याच्या आवाजात ओरडलो, 'चला, पुढचे दहा आत!' दहाच्या दहा लोक आत घुसले. गंमत म्हणजे दार उघडणाऱ्यानेही साहेबाचा हुकूम समजून त्यांना सोडलं. मग मला धरलं. बंदी अजून उठलेली नाही. आईने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. म्हणजे बोलायची, पण भिंतीशी.

दादा आत कसा गेला ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? की कागदावर 'मारहाण' वाचून गप्प बसलात? आमच्या चौकात मोठं दुकान आहे, ढकलगाड्या घेऊन सामान घ्यायचं. दादा रोज तिथे जायचा. खरेदीला नाही. लोक ढकलगाड्या वाटेल तिथे सोडतात, तो त्या एकात एक घालून लांबलचक ओळ करायचा आणि डोलायचा. जुना रखवालदार त्याला चहा द्यायचा. मग नवा आला. त्याला वाटलं, हा गाड्या चोरतोय. मागून येऊन त्याने दादाची मान धरली. दादाला मागून धरलेलं चालत नाही. कधीच नाही. आई पण समोरून येऊनच त्याला कवटाळते. त्याने झटका दिला, तो माणूस पायऱ्यांवरून गेला, खुबा मोडला. एवढंच. त्या माणसाचं मला वाईट वाटतं. पण दादाला तुरुंग म्हणजे काय हेही माहीत नाही, आणि तो तिथे बसलाय.

आता माझा संशय. परवा आई भेटून आली ती हरखूनच. म्हणाली, 'अरे, सुधारला तो! सरळ उभा राहिला, खाली बघितलं आणि मला म्हणाला, समजलं साहेब.'

मी म्हटलं, 'आई, तू साहेब कधीपासून?'

'असू दे रे. बोलला तर खरा.'

मला नाही पटलं. जो माणूस आईला आई म्हणत नाही, 'आ' म्हणतो, तो एकदम 'समजलं साहेब'? कुणी शिकवलं? कशाला शिकवलं? आणि मोजे?

कोर्टाने डॉक्टर नेमलाय. तो या आठवड्यात आत येऊन दादाला तपासणार, त्याला खटला कळतो की नाही ते बघायला. नाही कळत असं डॉक्टरने लिहिलं की दादा घरी येऊ शकतो, असं आमचा वकील म्हणाला. (हा खरा आहे. कोर्टाने फुकट दिलेला. पेंगतो.)

तुम्ही कशासाठी आत आहात हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या लक्षात आलंय.

नकल्या


२९ जून

नकल्या,

मी शिकवलं. लपवायचं काय त्यात?

तू बाहेर आहेस, म्हणून तुला ऐकवतो. आल्यावर पहिले काही दिवस सकाळच्या मोजणीला तुझा भाऊ उठायचा नाही. कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायचा. शिपाई म्हणायचे, नाटक करतो. आणि नाटक करणाऱ्याला इथे काय मिळतं ते मी या कागदावर लिहिणार नाही, कारण हा कागद त्यांच्याच हातातून जातो.

मग मी त्याला गाडीसारखा शिकवला. नवख्या माणसाला मी कधी 'गाडी चालव' म्हणालो नाही. आधी आरसा. मग सिग्नल. मग क्लच. तीन गोष्टी, हजार वेळा, डोकं न वापरता पाय आपोआप गेला पाहिजे. याला पण तीनच: आवाज आला की उभं राहायचं. खाली बघायचं. 'समजलं, साहेब' म्हणायचं. शिवी आली तर पुढे 'चुकलं साहेब, पुन्हा नाही करणार.' जमलं की बिस्किट. तुझ्या आईची बिस्किटं तिकडे गेली, हिशोब पाहिजे होता ना तुला?

आता कुणी त्याला हात लावत नाही. परवा तर एका शिपायाने दुसऱ्याला सांगितलं, 'तो वेडा सगळ्यात शिस्तीचा.' मला माझा पहिला विद्यार्थी पास झाला तेव्हा वाटलं होतं तसं वाटलं.

आणि तुझा तो डॉक्टर येऊन गेला. काय सांगू! तू घरी सोडण्याचं लिहिलंस, पण तुमच्या त्या पेंगणाऱ्या वकिलाच्या शब्दावर मी कसा विसंबू? आमच्याकडे डॉक्टर येतो ते कुणाला वेगळ्या अंधाऱ्या खोलीत टाकायचं ते ठरवायला. म्हणून आदल्या दिवशी मी त्याच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं. डॉक्टरांपुढे तुझा भाऊ ठणठणीत. नजर खाली, हात सरळ, प्रत्येक प्रश्नाला उत्तर. डॉक्टर खूश होऊन गेला. घाईत होता, पण खूश.

वेगळ्या खोलीची भीती टळली. निश्चिंत राहा.

क्लचकाका


६ जुलै

काका,

निश्चिंत राहा? निश्चिंत?

डॉक्टरने काय लिहिलंय माहितीये? 'प्रश्न समजतात, योग्य व नम्रपणे उत्तरे देतो, आपली चूक कबूल करतो.' त्याने विचारलं, तू काय केलंस ते कळतंय का? समजलं साहेब. त्या माणसाला मुद्दाम ढकललंस का? चुकलं साहेब. संपलं! आता त्याच्यावर शहाण्या माणसासारखा खटला चालणार. पेंगणारा वकील पहिल्यांदाच टक्क जागा झाला आणि म्हणाला, 'आता अवघड आहे.'

आई ते ऐकून पायरीवर बसली. मी तिला उठवत होतो आणि ती म्हणत होती, 'पण तो तर सुधारला होता ना रे?'

मी साधं गणित मांडलं, काका. डॉक्टर येणार हे मी तुम्हाला लिहिलं. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही दादाला दहा वेळा घोकवलंत. नेमकं. तुम्ही आत कशासाठी आहात ते सांगत नाही. मोज्यांचं सांगत नाही. तो खुबा मोडलेला रखवालदार तुमचा कोण लागतो? दुकानवाल्यांनी तुम्हाला काय देऊ केलं? की आतल्या साहेबांची खुशामत करून लवकर सुटायचंय? माझा भाऊ विकलात तुम्ही. आणि मी तुम्हाला 'काका' म्हणतोय.

एक करा. सुनावणी पंधरवड्यावर आलीय. शिकवलंत ते सगळं पुसून टाका. त्याला पुन्हा होता तसा करा. मोजणीला उठू नकोस सांगा, बोलू नकोस सांगा. तुमचीच गाडी आहे ना, लावा की ब्रेक!

नकल्या


१५ जुलै

नकल्या,

तुझं पत्र आल्यावर दोन रात्री मला झोप लागली नाही.

रखवालदार माझा कुणी नाही. मी इथे का आहे ते सांगतो. एका पोराला मी पास करून दिला. शिकवलाच नव्हता. चार वेळा आला, तेही फोनवर बोलत. त्याच्या बापाला घाई होती, मलाही पैशाची नको तेवढी भूक होती. मी लिहून दिलं, याला गाडी येते. त्याने पंधरा दिवसांत एका बाईच्या अंगावर घातली. ती मुलीला शाळेत सोडायला निघाली होती. आता तुझ्या लक्षात आलं असेल, मला झोप का लागली नाही ते. ज्याला येत नाही त्याला 'येतं' म्हणून मी दुसऱ्यांदा पास केला.

पण तू सांगतोस ते मी करणार नाही. म्हणजे करून पाहिलं. परवा मोजणीला मी त्याला खाली दाबून धरला, समोरून. शिट्टी वाजली आणि तो थरथरत उभाच राहिला. माझ्या हाताला ओढत उभा राहिला. पुसलं जात नाही, पोरा. आणि पुसलं गेलं तर मधले दिवस मार कोण खाईल? तू बाहेरून ब्रेक लाव म्हणतोस. आत बसलेला तो आहे.

मोज्यांचं ऐक, नाहीतर तू ते डोक्यात घेऊन बसशील. त्याला भीती वाटली की तो स्वतःचा हात चावतो. मनगटाच्या वर, रक्त येईपर्यंत. मोठ्या मापाचे लांब मोजे मी त्याच्या हातात घालतो, कोपरापर्यंत. ते तो काढत नाही. का कोण जाणे. आईला कळू नये म्हणून लिहिलं नव्हतं. मुलाखतीला जाताना काढतो आणि बाह्या खाली करतो.

तू मला जे काही म्हणालास ते असू दे. एक तुझ्या कामाचं सांगतो. आता तो माणूस बघून उत्तर देत नाही, नुसता आवाज ऐकून देतो. चढ्या, घोगऱ्या आवाजात काहीही आलं की झालं. काल शेजारच्या बराकीतला एकजण गजांशी येऊन ओरडला, 'पाणी कुणी सांडलं रे?' आणि हा इथून, 'चुकलं साहेब.' सगळे हसले. मी नाही हसलो.

क्लचकाका


२४ जुलै

काका,

दादा घरी आलाय!

तुमच्याकडून त्याला नेलं तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, नेहमीची तारीख. तर ऐका सगळं.

कोर्टात जजबाई, वर भला मोठा पंखा, आमचा वकील, त्यांचा वकील, आणि कठड्यात दादा. बाह्या खाली केलेल्या. मी मुद्दाम बघितलं. त्यांच्या वकिलाने डॉक्टरचा कागद वाचला. आमचा वकील म्हणाला, 'यावर आम्हाला विशेष काही सांगायचं नाही.' विशेष काही नाही! मी आईकडे बघितलं. ती पदराचं टोक तोंडात धरून बसली होती.

जजबाईंनी दादाला विचारलं, 'तुमच्यावर काय आरोप आहे ते तुम्हाला कळलं का?'

बाईंचा आवाज मऊ. दादा पंख्याकडे बघून डोलायला लागला. तेवढ्यात त्यांचा वकील खेकसला, 'कोर्ट विचारतंय, उत्तर दे!'

दादा ताठ. नजर खाली. 'समजलं साहेब.'

'बघा,' वकील म्हणाला.

मला तुमचं पत्र आठवलं, काका. आणि माझं डोकं माझ्या आधी उठलं. फाटकावरच्या त्या जाड्या हवालदाराचा घोगरा आवाज काढून मी मागच्या बाकावरून ओरडलो, 'ए! या कोर्टाचं छप्पर तू खाल्लंस काय रे?'

'चुकलं साहेब,' दादा म्हणाला, 'पुन्हा नाही करणार.'

मग एकजण फिस्सकन हसला, आणि दोन शिपायांनी मला समोरून, मागून, सगळीकडून धरलं. आई म्हणाली, 'मेल्या!' एवढंच.

जजबाई म्हणाल्या, 'कोण आहे तो? पुढे आणा.' मला वाटलं, आता तुमच्या शेजारी माझीच वळकटी. मी म्हटलं, 'बाई, मी त्याचा धाकटा भाऊ. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आधी तुम्ही एकदा विचारून बघा. ओरडून विचारा. काहीही विचारा.'

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, घसा साफ केला आणि बाई चक्क ओरडल्या, काका, 'काल सूर्य तुम्ही विझवलात का?'

'चुकलं साहेब. पुन्हा नाही करणार.'

यावेळी कुणी हसलं नाही.

बाईंनी डॉक्टरला उभं केलं. 'तुम्ही यांना नेमकं काय विचारलंत?' तो म्हणाला, 'समजलं का, असं विचारलं. ते समजलं म्हणाले.' 'आणखी?' 'आणखी... वेळ कमी होता, मॅडम.' 'यांच्या मनगटांवर काय आहे ते पाहिलंत?' बाईंनी तिथूनच बघितलं होतं. डोलताना बाही वर गेली होती. डॉक्टरने पाहिलं नव्हतं. आईनेही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आता दादा आईच्या ताब्यात. दुसरे डॉक्टर, दोघं, घरी येऊन नीट बघणार, घर कसं आहे, त्याला कसं ठेवतो, सगळं. तोपर्यंत खटला थांबला. मला दिवसभर कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि 'पुन्हा असं केलंत तर' म्हणून सोडलं. मी म्हणालो, समजलं बाई. मग जीभ चावली.

तुम्हाला जे जे बोललो ते परत घेतो. सगळं नाही, साबणाचं ठेवतो.

नकल्या


१९ ऑगस्ट

नकल्या,

महिना होत आला, तुझी एक ओळ नाही. आधी वाटलं, आनंदात विसरला असशील. मग वाटलं, तू विसरणाऱ्यातला नाहीस, तू लपवणाऱ्यातला आहेस.

तुझी आई मागच्या आठवड्यात इथे फाटकावर येऊन माझ्यासाठी बिस्किटं देऊन गेली. शिपायाजवळ निरोप ठेवला, 'त्यांना सांगा, तो आता धाकट्याच्या हातून पोटभर जेवतो.' धाकट्याच्या हातून? इथे तो कुणाच्या हातून जेवायचा नाही. स्वतःच्या हाताने, कोपऱ्यात बसून जेवायचा.

काय चाललंय घरी? मला खरं सांग. मी तुझी मोज्यांची शंका फेडली, आता तू माझी फेड.

क्लचकाका


२७ ऑगस्ट

काका,

तुमचं नाक मोठं वाईट आहे हो. सांगतो. हे पत्र उघडणाऱ्या साहेबांनी वाचून झालं की कृपा करून विसरून जावं.

आल्यापासून दादा जेवतच नव्हता. आईने त्याला आवडतं ते ते केलं. ताट पुढे ठेवलं की तो ताटाकडे नाही, दाराकडे बघायचा. आमचं दार दिवसभर उघडंच असतं, शेजारपाजारचे येतात-जातात. तो बघत राहायचा, ताट गार व्हायचं. हातात मोजे. आई म्हणाली, पोट बिघडलंय. गल्लीतल्या डॉक्टरने औषध दिलं. काही नाही. आठवड्यात त्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. आई त्याच्याजवळ बसून विनवायची, शेवटी तिचा आवाज चढायचा, 'घरी आलास ना रे, मग आता काय झालं?' तो म्हणायचा, समजलं साहेब.

एकदा दुपारी आई कामावर गेली होती. ती ऑफिसांच्या फरशा पुसते. मी ताट वाढून ठेवलं आणि पाणी आणायला बाहेर गेलो. जाताना काय अक्कल सुचली, गंमत म्हणून बाहेरून कडी लावली. म्हटलं, दार ठोकेल, ओरडेल, निदान 'आ' तरी म्हणेल. कान लावून उभा राहिलो.

आतून चमचा वाजायला लागला.

काका, तो जेवत होता. भरभर, हुं हुं करत. मी कडी काढली, दार ढकललं, तर हात थांबला. पुन्हा लावली, पुन्हा चमचा. मी तसाच दाराला पाठ लावून खाली बसलो. पुढचं सांगत नाही.

आता रोज दोन वेळा करतो. आईला काहीतरी निमित्त काढून खाली पाठवतो. दुकानातून काही आण, काकूंना निरोप दे, काहीही. मग ताट ठेवतो, बाहेर येतो आणि कडी लावतो. शेजारच्या पोराने विचारलं, 'बाहेर काय करतोयस?' म्हटलं, फोनला रेंज बाहेरच येते. आई वर येते तोवर ताट चाटून पुसून स्वच्छ. ती माझ्या तोंडावरून हात फिरवते आणि म्हणते, 'तुझ्या हातात जादू आहे रे नकल्या, मी दिलं तर घास घेत नाही.' सगळ्या गल्लीला सांगत फिरते. तुम्हालाही सांगून गेली. मी जन्मभर तिला एवढ्या थापा मारल्या, पण ही एकच अशी आहे की मारताना हसू येत नाही.

तुम्ही माझ्यावर रागवाल. पण शिकवलेलं पुसून टाका म्हणून मी तुमच्यावर ओरडलो होतो, आणि आता मीच बसलोय बाहेर. तुम्हाला एक विचारायचंय. एकदा शिकवलेलं हळूहळू काढता येतं का हो? परवा मी कडी लावली नाही, नुसती लावल्यासारखी वाजवली. त्याने दोन घास खाल्ले आणि थांबला. दोनच. पण खाल्ले. हे बरोबर चाललंय का, की मी त्याला आणखी बिघडवतोय? तुम्ही वीस वर्षं माणसांना शिकवलंत. मला शिकवा.

पुढच्या आठवड्यात ते दोन डॉक्टर घर बघायला येणार आहेत. दार कसं आहे, कडी कुठून आहे, सगळं बघणार. त्यांना कळलं तर लिहितील, घरातही कोंडूनच ठेवतात, मग ठेवा कुठेतरी. आणि 'कुठेतरी' म्हणजे कुठे, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

म्हणून पाया पडतो, काका. तुमच्या बराकीतल्या कुणाला बोलू नका. शिपायाला नको. आई पुन्हा फाटकावर आली तर तिला तर मुळीच नको. मी माझ्या भावाला रोज दोनदा माझ्या हाताने कोंडतो, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका.

नकल्या